पेल्याच्या काठाचं मीठ

हुक्केरीकर अण्णांच्या कोटाच्या एका खिशात लिंबं असत आणि दुसऱ्या खिशात कागदाच्या पुडीत मीठ. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कपाळाला गंध, अशा थाटात हा माणूस कँटोन्मेंटातल्या बारमध्ये शिरायचा, काउंटरवर लिंबं मांडायचा आणि मार्गारिटा मिळेल का म्हणून विचारायचा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. बारमन आपल्या मनाने जिनमध्ये काहीबाही मिसळून पेला पुढे करी. अण्णा त्यात आपलं लिंबू पिळत, काठाला मीठ लावत, एक घोट घेत आणि पेला खाली ठेवत. "चांगलं आहे की. पण ते नव्हे," असं म्हणून पैसे देऊन उठत.

हे सगळं मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं. अण्णा त्यांना एकदा सोबत घेऊन गेले होते. मल्लेश्वरममध्ये आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. आम्ही साताऱ्याकडचे, ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आलेलो. ते बेळगावकडचे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारे. दिवाळी जवळ आली की दर शनिवारी अण्णा टोपी चढवून कँटोन्मेंटच्या बसला निघत, आणि गल्लीतल्या चार मराठी घरांत त्यांच्या नावाने कुजबुज सुरू होई. एका घोटावर उठणाऱ्या माणसाला दारुडा कसं म्हणायचं, हा प्रश्न त्या बायकांना कधी पडला नाही.

अण्णा सरकारी शेती खात्यात मक्याच्या वाणांवर काम करत. मक्याबद्दल विचारलं की हा अबोल माणूस तासभर बोलायचा. त्या कामासाठीच खात्याने त्यांना मेक्सिकोला धाडलं होतं. बरोबर बायको होती, इंदिराक्का, आणि पाच वर्षांची कुमुद. परत आले ते दोघंच.

मला त्यांनी हे सांगितलं ते आमच्या मागच्या पडवीच्या पायरीवर बसून, पाटा-वरवंटा मागायला आले होते तेव्हा. एवढं मोठं दुःख त्यांनी वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं. तिथल्या एका अमेरिकन साहेबाच्या घरी संध्याकाळी सगळे हिरवळीवर बसले होते. अण्णांच्या हातात मार्गारिटाचा पेला होता आणि कुमुद मांडीवर. घायपातीसारख्या झाडापासून काढलेली तिथली दारू, लिंबाचा रस, आणि पेल्याच्या काठाला सगळीकडून लावलेलं मीठ. पोरीने पेल्याला तोंड लावून काठाचं मीठ चाटायला सुरुवात केली. पेला फिरवत फिरवत तिने सगळं मीठ संपवलं. सगळे हसले. साहेबाच्या बायकोने पुन्हा मीठ लावून दिलं, तेही तिने संपवलं. मग तिचा घसा धरला. तो घटसर्प निघाला. आठवडा सरायच्या आत पोरगी गेली. तिथे दहनाची सोय नव्हती. चर्चमागच्या जागेत तिला पुरलं.

"मीठ जास्त झालं म्हणून घसा धरला असं आम्ही समजलो बग," अण्णा म्हणाले. "कोमट पाणी देत बसलो."

त्यांच्याकडे स्वयंपाकाला रोसा नावाची बाई होती. त्या देशात नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी गेलेल्या लहान मुलांसाठी ताट मांडतात. रोसाने कुमुदचं ताट मांडलं. मक्याच्या पातळ भाकऱ्या, त्यांना तिकडे तोर्तिया म्हणतात, वाटलेल्या सुक्या मिरच्यांतली उसळ, कोको. मग तिने अण्णांना विचारलं, पोरीला आणखी काय आवडायचं? अण्णांनी काठाला मीठ लावलेला पेला आणून ठेवला. रोसाने त्यांना बजावलं होतं की चव तीच पाहिजे, नाहीतर मुलं वाट चुकतात. अण्णांनी ते आपल्या भाषेत पक्कं धरलं होतं. "मूल अनोळखी ताटाला हात लावत नाही, सुमन," ते मला म्हणत. कधी कधी दिवसातून दोनदा म्हणत.

इथे आल्यावर त्यांनी भटजींना विचारून पाहिलं होतं. एवढ्या लहान मुलीचं काही करायचं नसतं, असं उत्तर मिळालं. पितृपंधरवड्यात अण्णांच्या घरी आजे-पणजे जेवून जात, ज्यांना अण्णांनी कधी पाहिलं नव्हतं तेही जेवून जात, आणि कुमुदच्या नावाने दर्भाची काडीही हलत नसे. मला त्या भटजींचा राग आला. अजून येतो.

म्हणून ते पाटा मागायला आले होते. त्यांच्या घरी असं ताट मांडणं चालणार नव्हतं. कुमुदचं नाव घरात काढायचं नाही, अशी अक्कांची सक्त ताकीद होती. तिचा फ्रॉक, तिचा फोटो, सगळं बेळगावला ट्रंकेत गेलं होतं.

पहिल्या वर्षी मी आपली मक्याच्या पिठाची भाकरी थापली. अण्णांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. "चांगली आहे की. पण ही भाकरी झाली." मग त्यांनी आपल्या प्रयोगाच्या वाफ्यातला पांढरा मका आणला आणि पानवाल्याकडून चुना. चुन्याच्या पाण्यात मका उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, चोळून सालं काढायची, मग पाट्यावर वाटायचा. चुना जास्त झाला आणि सगळ्याला साबणाचा वास सुटला. माझ्या बोटांची सालं गेली ती वेगळीच. पुढच्या वर्षी चुना कमी पडला आणि मका वाटला जाईना. अण्णा पडवीत पाटावर बसून माझ्या तव्याकडे बघत राहायचे. प्रत्येक खेपेला तुकडा मोडायचे आणि प्रत्येक खेपेला मान हलवायचे. मला कधी कधी वाटे, सरळ खोटं बोलावं ना माणसाने, एवढं राबणाऱ्या बाईसाठी. पण ताट माझ्यासाठी नव्हतंच.

तोर्तिया दरवर्षी थोडी सुधारली. पेला मात्र सुधारेना. ती दारू बंगळुरात यायची तरी कुठून? रेल्वेने जाताना कडेला घायपातीची रांग लागली की अण्णा खिडकीतून बोट दाखवत. "बग, ह्याच जातीचं झाड. आम्ही ह्याचे दोर वळतो." ब्रिगेड रोड झाला, रसेल मार्केटच्या मागच्या गल्ल्या झाल्या. होसकोटेला कुणा फौजी माणसाकडे परदेशी बाटल्या आहेत असं ऐकून तिथेही जाऊन आले. ती निघाली साधी रम.

मग एकदा कळलं की व्हाइटफील्डला एक म्हातारा अँग्लो-इंडियन आहे, जहाजावर नोकरी करून आलेला, आणि त्याच्याकडे मेक्सिकोची बाटली आहे. अण्णा ह्यांना घेऊन निघाले. त्या दिवशी ते बसमध्ये सारखे बोलत होते, एरवी न बोलणारा माणूस, असं हे म्हणाले. म्हातारा भला होता. त्याने दोघांना बसवलं, चहा दिला, आणि खिडकीतली बाटली दाखवली. खरीच तिकडची होती. तिच्यात पाणी भरून त्याने मनीप्लांट लावला होता. अण्णांनी वेल हळूच बाहेर काढला, पाणी अंगणात ओतलं आणि बाटलीत नाक खुपसून उभे राहिले. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ती बाटली त्यांना देऊन टाकली. परतीच्या बसमध्ये अण्णा ती मांडीवर धरून बसले होते.

त्या वर्षी ताट मांडलं तेव्हा त्यांनी ती रिकामी बाटली शेजारी ठेवली. पेल्यात जिन होती, लिंबू होतं, काठाला मीठ होतं. आणि मागच्या दाराने इंदिराक्का आल्या. आमच्या पडवीत काय चालतं हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत असणार. भिंत एकच होती. त्या ताटाजवळ आल्या नाहीत. उंबऱ्यातच थांबल्या.

"तुम्ही तिला दरवर्षी परत बोलावताय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कुठंतरी कुणाच्या पोटी ती जन्माला यायची असेल. तिथनं उठून ती इथं येत असेल. तिला जाऊ द्या की हो."

अण्णा ताटाकडेच बघत होते. "जाताना जेवून जाऊ दे," ते म्हणाले. "एवढंच म्हणतो मी."

अक्का गेल्या. भिंतीपलीकडून भांडणाचा आवाज कधी आला नाही. त्या दोघांनी भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं. अक्का त्यांना वेळेवर जेवायला वाढत, अण्णा जेवून उठत, आणि दोघं आपापल्या परीने पोरीला सांभाळत. एक तिला जेवू घालायला बघत होता, दुसरी तिला सोडवायला. दोघांपैकी चूक कोण, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

साठच्या दशकाच्या मध्यावर अण्णांच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. माणूस बघता बघता वाळत गेला. कोट खुंटीला टांगलेला असायचा, खिशातली लिंबं सुकून टणक झालेली. शेवटी शेवटी त्यांना पेजसुद्धा जाईना. मी एक दिवस मका भिजवला, वाटला, कागदासारखी पातळ तोर्तिया केली आणि तिचा कडेचा पापुद्रा दुधात बुडवून त्यांच्या तोंडात घातला. अक्का पायथ्याशी बसल्या होत्या. अण्णांनी डोळे मिटून तो बराच वेळ तोंडात घोळवला. "हेच," ते म्हणाले. "हेच ते, सुमन."

तेव्हाच मला कळलं की त्यांच्या जिभेला आता चव उरलेली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

अण्णा गेले ते ऐन उन्हाळ्यात. बेळगावहून पुतण्या आला, त्याने सगळं केलं. दहाव्याला पुरुष मंडळी श्रीरंगपट्टणला नदीकाठी गेली. संध्याकाळी हे परत आले तेव्हा अक्का आमच्याच घरी बसल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "कावळा शिवला का?"

पुतण्या काहीतरी पुटपुटला. ह्यांना खोटं बोलता येत नाही. "कावळे होते, अक्का," हे म्हणाले. "झाडावर बसून होते. आम्ही सगळं बोलून पाहिलं. अक्कांना सांभाळू म्हणालो, घराचं बघू म्हणालो. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

अक्का उठून आपल्या घरी गेल्या.

पावसाळा गेला. त्या पितृपंधरवड्यात अण्णांचं काहीच नव्हतं; वर्ष व्हायचं होतं. ऑक्टोबर सरता सरता एका दुपारी अक्का आल्या. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. "कँटोन्मेंटात येतेस काय?" त्या म्हणाल्या. कुठे ते मी विचारलं नाही. पिशवीत काय आहे ते मला दिसत होतं.

ब्रिगेड रोडवरच्या अण्णांच्या त्या बारमध्ये मी अक्कांच्या मागे मागे शिरले. भरदुपारी, दोन बायका, त्यातली एक विधवा. टेबलांवरची माणसं बोलायची थांबली. अक्का थेट काउंटरपाशी गेल्या आणि पिशवीतून लिंबं आणि मिठाची पुडी काढून मांडली. म्हातारा बारमन त्या लिंबांकडे बघतच राहिला. मग त्याने कानडीत विचारलं, "अण्णा बरलिल्वा?"

अण्णा आले नाहीत का, असं. अक्कांनी नुसती मान हलवली. अण्णांसाठी करायचा तसाच पेला करून त्याने पुढे ठेवला. अक्कांनी त्यात लिंबू पिळलं. जन्मात कधी दारू न चाखलेल्या त्या बाईने पेला उचलला आणि एक घोट घेतला. चेहरा वाकडा झाला. जिभेवरची चव त्या बराच वेळ तपासत राहिल्या.

"तिकडं साहेबाच्या घरी मी ह्यांच्या पेल्याचा वास घेतला होता," त्या म्हणाल्या. "हे ते नव्हे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ह्यांनी इथं येऊन एवढी वर्षं हेच प्यायलं. ही चव ते ओळखतील." त्यांनी पिशवीतून झाकणाची बरणी काढली आणि पेला तिच्यात ओतला. "आणि ते आले, तर ती त्यांचं बोट धरून येईल. एकटीला वाट सापडत नसेल तिला."

त्या वर्षीचं ताट आमच्या पडवीत नव्हतं. अक्कांच्या देवघरासमोर होतं. ट्रंकेतला फोटो बेळगावहून आलेला होता. कानांवर दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. तोर्तिया मी केल्या. पेल्याला मीठ अक्कांनी लावलं. मी एका बाजूने लावायला लागले तर त्यांनी माझ्या हातातून घेतलं. "सगळीकडनं लावायचं. ती फिरवून फिरवून चाटते," त्या म्हणाल्या. कुमुद कशी होती याबद्दल इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. ताट जसंच्या तसं होतं. तोर्तिया वाळून कडक झाल्या होत्या, कोकोवर साय धरली होती. पेल्याच्या काठावर मात्र मिठाचा कण नव्हता. नोव्हेंबरात बंगळुरात हवा ओली असते, उघड्यावरचं मीठ रात्रीतून पाणी होऊन ओघळतं. मला ते माहीत होतं. एवढी वर्षं त्याच हवेत संसार केलेल्या अक्कांनाही ते माहीत होतं.

"सगळं चाटलंय बग पोरीनं," त्या म्हणाल्या, आणि पेला घासायला घेऊन गेल्या.