घोडेस्वाराची युक्ती आणि नगरी मेंढरं

केडगाव सोडतानाच मी मार्कसला बजावलं, काळवीट दाखवीन, पण तिथल्या वनरक्षकाशी गोड बोलायला लावू नकोस. मी मेंढ्यांचा व्यापारी. लहानपणी पाथर्डीला आमचं खांडं (कळप) असल्याच एका वनरक्षकानं कोंडवाड्यात घातलं होतं. सोडवून आणेपर्यंत तान्ही कोकरं उपाशी मेली. खाकी दिसली की अजून माझं डोकं तापतं.

मार्कस माझ्या लेकीच्या अमेरिकेतल्या ऑफिसातला. मिरजगावला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची रश्शातली वेटोळी) खाताना, नाक पुसत पुसत, त्यानं पणजोबांची गोष्ट काढली. ते अमेरिकेच्या घोडदळात होते. काळ्या शिपायांच्या पलटणी तेव्हा वेगळ्या असत, आणि योसेमिटीच्या नव्या राष्ट्रीय उद्यानाची उन्हाळी राखण त्यांच्याकडे आली. आत मेंढरं घुसवणाऱ्या गोऱ्यांना त्यांना ना दंड करता येई, ना तुरुंगात टाकता येई. मग मेंढपाळाला एका टोकानं बाहेर काढायचं, मेंढरं दुसऱ्या टोकानं. गोळा करताना गडी रडकुंडीला येई. वर काळ्या माणसाचा हुकूम ऐकावा लागला म्हणून जळे ते वेगळंच.

"म्हणजे तुझा पणजोबाही तसलाच खाकीवाला," मी म्हणालो. त्यानं हसून आणखी रस्सा मागितला.

कर्जतकडच्या राखीव रानात पोचलो, तर काळविटांच्या आधी भांडणच दिसलं. एका धनगर म्हातारीचं खांडं कुंपणाच्या फटीतून आत शिरलं होतं आणि तरुण वनरक्षक ते कोंडवाड्याकडे वळवत होता.

"लेकरा, कोकरं तान्ही हायेत रं."

"मावशी, कितींदा सांगायचं? हरनांनी काय खावं मंग?"

माझा पारा चढला. तावातावानं मध्ये पडलो. बरीच घासाघीस झाल्यावर पणजोबांचीच युक्ती पुढे केली: म्हातारी पूर्वेच्या फाटकानं, मेंढरं पश्चिमेच्या. कोंडवाडा त्यालाही लांबच होता. "चालंल," तो म्हणाला, "पन हाकायला तुमी या."

म्हातारी पूर्वेच्या फाटकाकडे निघून गेली. आम्ही तिघांनी हाकून हाकून घाम गाळला. मार्कसची पँट बाभळीनं फाडली, माझी चप्पल तुटली. शेवटी मेंढरं बाहेर पडली. फाटक ओढणार, तोच पूर्वेकडून एक बारीक, लांबलचक हाळी आली. सगळे कान ताठ झाले. अख्खं खांडं आमच्या पायांमधून पुन्हा आत घुसलं आणि रान चिरत थेट म्हातारीकडे सुटलं. त्या गडबडीत गवतातून काळविटांचा कळप उसळला. मार्कस तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मला वाटलं, आता कोंडवाडा नक्की. वनरक्षकानं टोपी काढून लांबवर पाहिलं. पूर्वेच्या फाटकाबाहेर धूळ उठली होती.

"भायेर गेली न्हवं?" तो म्हणाला. "मंग झालं." आणि खाली बसून पोट धरून हसला.

परतताना मार्कस म्हणाला, पणजोबांना अशी म्हातारी भेटली असती तर बेत पहिल्याच दिवशी फसला असता. माझा जुना राग गेलेला नाही. मेलेली कोकरं विसरता येत नाहीत. पण त्या वनरक्षक पोरावर तो काढता येईना.

घरी बायकोनं विचारलं, आज कुणाशी भांडलात? म्हटलं, वनरक्षकाबरोबर मेंढरं हाकली. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.