एस्तर अक्का गप्प बसल्या त्या दिवशी

डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनचं टोक एका पांढऱ्या डागावर ठेवलं.

"हा तुमचा डावा व्होकल कॉर्ड. हा डाग मला आवडलेला नाही. कॅन्सर असू शकतो. बायोप्सी करूया."

व्होकल कॉर्ड म्हणजे स्वरतंतू. घशात दोन पडद्यांसारख्या पट्ट्या असतात, त्या थरथरल्या की आवाज निघतो. बायोप्सी म्हणजे शंका असलेल्या जागेचा कण काढून तपासणं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी कानात एकच शब्द शिरला आणि दार लावून बसला.

मी विनोद करून पाहिला. "डॉक्टर, एवढ्या मोठ्या आवाजाचं यंत्र एवढंसंच?" कोणी हसलं नाही. आवाज निघाला तोही फाटक्या पिपाणीसारखा.

"सिगारेट?" त्यांनी विचारलं.

"कधीतरी," मी म्हणालो.

माझ्या बायकोनं, ग्रेसनं, डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. डॉक्टरांनी बरंच काही लिहून घेतलं.

माझा आवाज म्हणजे काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर काय जाणार होतं ते तुम्हाला कळायचं नाही. आमचं घराणं तंजावूरचं, मराठी, हिंदू. ग्रेस तमिळ, जन्मापासून मेथडिस्ट ख्रिस्ती. लग्नानंतर ती माझ्या आईकडून मराठी शिकली आणि मी दर रविवारी तिच्याबरोबर चर्चला जायला शिकलो. बाप्तिस्मा घेतला नाही, पण काम मात्र मिळालं. कापणीच्या सणाला तिथले लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवाला आणतात. केळीचे घड, भाताच्या पेंढ्या, कोंबड्या, घरचा केक. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. घेणारा बहुतेक वेळा वस्तू परत देतो, की पुन्हा लिलाव. एकच कोंबडी दुपारपर्यंत पाच घरची होऊन येते.

तो लिलाव पुकारायचा मी. वांगं हातात घेतलं की ते राजवाड्याच्या बागेतलं व्हायचं. नारळ कावेरीनं स्वतः पाणी पाजून वाढवलेला असायचा. एकदा मी "एकवार, दोनवार" असं ओरडलो आणि पार तिकडे पापनाशम गावच्या रेल्वे फाटकावर थांबलेली गाडी सुटली.

"मोपेड होती," ग्रेस सांगते. "चर्चच्या दारातली."

असा आवाज त्या वर्षी बसला. आधी मी आइस्क्रीमला दोष दिला, मग पंख्याला. हळद घातलेलं दूध प्यालो, मिरी चावली. ग्रेस रोज म्हणायची, दाखवा. मी रोज म्हणायचो, उद्या. तुमचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल, तर हे वाचून होण्याआधी उठा आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. लॅरिंगोस्कोपी करतात, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून तिच्या टोकाच्या कॅमेऱ्यानं घसा बघतात. शिंक येते, डोळ्यांत पाणी येतं, बस. मी मात्र तिथं असा ओरडलो की नर्स म्हणाली, "अजून नळी घातली नाही, सर."

बायोप्सी भूल देऊन झाली. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर समोर होत्या.

"आता व्हॉइस रेस्ट. एक शब्द नाही. कुजबुजही नाही, कुजबुजीनं जास्त ताण येतो. रिपोर्ट येईपर्यंत पूर्ण मौन."

माझ्यासारख्याला मौन. आमच्या गल्लीत ही बातमी बायोप्सीपेक्षा मोठी ठरली. शेजारी येऊन खात्री करून गेले. मी पंख्याकडे बघत पडून राहायचो आणि डोक्यात तोच शब्द भणभणत असायचा. बोलता आलं असतं तर मी त्याची गोष्ट केली असती, तिखटमीठ लावून, त्याला हसण्याएवढा लहान केला असता. न बोलता तो दिवसागणिक वाढत होता. ग्रेस बोलायची. "गप बैसा," म्हणायची, सवयीनं, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

त्या रविवारी आम्ही चर्चला गेलो नाही. तिथं काय ठरलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

रिपोर्टच्या दिवशी सकाळी ग्रेस मला बाहेर बाकावर बसवून लॅबच्या खिडकीवर गेली. वेटिंग रूममध्ये गर्दी होती. भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू. माझे हात गार पडले होते. तंजावूरच्या उन्हाळ्यात हात गार, यावरून समजा.

तेवढ्यात दारातून आमच्या चर्चचे पास्टर अय्या आले. मागे त्यांची बायको. मागे बायकांचं मंडळ, तरुण मंडळ, पेटी वाजवणारे काका. अख्खं चर्च. आणि सगळ्यांत पुढे एस्तर अक्का.

एस्तर अक्का म्हणजे बायकांच्या प्रार्थना मंडळाच्या प्रमुख. त्या प्रार्थनेला लागल्या की खिडक्यांची तावदानं 'आमेन' म्हणतात. आजाऱ्याला भेटायला आल्या की जिन्यातच स्तोत्र सुरू होतं. आवाजाच्या बाबतीत तंजावूरमध्ये मी फक्त त्यांनाच मानायचो.

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत.

कोणीच काही बोललं नाही. सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. पेटीवाले काका खाली बघत होते. एस्तर अक्कांचे डोळे भरून आले होते, ओठ घट्ट मिटलेले.

यांना कळलंय. डॉक्टरांनी आधी पास्टरांना सांगितलंय. नाहीतर ही बाई गप्प बसते?

विचारायचं कसं? मला बोलायची बंदी. मी हात उलटे करून खुणेनं विचारलं, काय झालं? पास्टरांनी छातीवर हात ठेवला. मी एस्तर अक्कांकडे पाहिलं. त्यांनी एक बोट वर केलं आणि छताकडे, छताच्याही पलीकडे दाखवलं.

वर.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? पंख्याला लटकलेलं एक जळमट दिसलं आणि मनात आलं, शेवटी बघायला हेच मिळालं. मग आठवलं की स्कूटरची चावी कुठं ठेवलीय ते ग्रेसला ठाऊक नाही. खरं सांगतो, मरणाच्या दारात मला चावी आठवली.

इतक्यात ग्रेस हातात पाकीट घेऊन कोपऱ्यावरून वळली. तिला दिसलं ते एवढंच. अख्खं चर्च मुकं उभं, बायका रडताहेत, आणि मधला बाक माणसांनी झाकलेला. पाकीट तिच्या हातातून पडलं. अशी किंकाळी फुटली की औषधाच्या खिडकीतला माणूस बाहेर धावला.

"ग्रेस! जिवंत आहे गं! बघ, बसलाय!" एस्तर अक्का ओरडल्या. तमिळमध्ये ओरडल्या, सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. "अय्यो, मोडला."

उपवास मोडला होता. मग पास्टरांनी हळू आवाजात सांगितलं. आमच्या चर्चमध्ये कुणावर संकट आलं की उपवास-प्रार्थना करतात. या वेळी एस्तर अक्कांनी रविवारी उभं राहून सुचवलं होतं, रावअण्णांना, म्हणजे मला, अन्न बंद नाही, शब्द बंद आहेत. तेव्हा आपणही शब्दांचाच उपवास करू. रिपोर्टच्या दिवशी, सकाळपासून. वरचं बोट देवाकडे होतं.

"आणि आम्हाला सांगायचं नाही?" ग्रेस पाकीट उचलत म्हणाली.

"रविवारी तुम्ही आलाच नाहीत, आणि आज सांगायला बोलावं लागलं असतं ना," एस्तर अक्का म्हणाल्या.

मला हसू आलं. हसायचीही बंदी होती. खांदे हलत राहिले आणि डोळ्यांतून पाणी. तेव्हाच आमचं नाव पुकारलं.

आत डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. ग्रेसनं माझं मनगट धरलं होतं. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "पण अर्ली स्टेज. म्हणजे सुरुवातीचा, वरच्या थरातला, तंतू अजून नीट हलतोय. रेडिएशननं बरा व्हायची चांगली शक्यता आहे. आवाज परत येईल. पहिल्यासारखा येईल असं वचन मी देत नाही."

रेडिएशन म्हणजे किरणांचे उपचार, कित्येक आठवडे, जवळजवळ रोज. गरम करून चेहऱ्याच्या आकारात बसवलेली प्लास्टिकची जाळी घालतात, म्हणजे मान हलत नाही. ती जाळी टेबलाला अडकवतात तेव्हा जीव घाबरतो. काही आठवड्यांनी घसा भाजल्यासारखा होतो. नर्सनं विचारलं, दहापैकी दुखणं किती? मी बोटांनी चाळीस दाखवले. ग्रेस म्हणाली, "सहा लिहा." खरंच सहा होतं. पण सहा म्हणजे पाणी गिळतानाही रडू येण्याइतकं, हे ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगून ठेवतो. आणि औषध मागायला लाजू नका.

चर्चनं पाळ्या लावल्या. रोज कोणीतरी बरोबर यायचं, मऊ भात आणि ताक घेऊन. सगळ्यात जास्त पाळ्या एस्तर अक्कांच्या. त्या ग्रेसच्या शेजारी बसायच्या, तिचा हात हातात घेऊन, आणि एक शब्द काढायच्या नाहीत. मी जाळीखाली पडलेला असायचो तेव्हा मला बाहेरची ती शांतता ठाऊक असायची. मोठ्यानं मागितल्याशिवाय देवाला ऐकू जात नाही, असं अक्कांना आणि मलाही आयुष्यभर वाटत आलं होतं. त्या शांततेत आमची दोघांची समजूत बदलली.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी ग्रेसला हाक मारली. दगडावर विळी घासल्यासारखा आवाज निघाला. ती म्हणाली, "चालेल."

कापणीच्या सणाला मी मागे बसणार होतो. पास्टरांनी मला पुढे ओढलं आणि हातात एस्तर अक्कांच्या परसातला भोपळा दिला. पूर्वी मी त्याला सोन्याचा केला असता. आता ओरडता येत नव्हतं, आणि थापेला दम लागतो.

"हा भोपळा," मी म्हणालो, "अक्कांचा आहे. एका बाजूला वाकडा आहे. गोड असावा."

एवढंच ऐकू यावं म्हणून अंगण गप्प झालं. पोरं गप्प, कोंबड्याही गप्प. मागचे लोक पुढे सरकले. एस्तर अक्कांनी बोट वर केलं, मीही वर बघितलं, आणि सगळं अंगण हसलं. त्या बोली लावत होत्या. स्वतःच्याच भोपळ्यावर.

तपासणीला अजून जातो. दर वेळी नळी नाकाशी आली की हात गार पडतात, ग्रेस मनगट धरते, डॉक्टर पडद्याकडे बघतात आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे. आजवर डाग नाही. त्या सगळ्या माणसांचे आभार मानायला माझ्याकडे आता थोडाच आवाज आहे, म्हणून लिहितो आहे.

त्या भोपळ्याला किती किंमत आली, ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, राव पुन्हा सुरू झाला. म्हणून सांगत नाही. ग्रेसला विचारा.