तळाची बाटली

साखर उतरेना म्हणून बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं, तेव्हा मी त्यांच्यावर भडकलेच. विश्रांतवाडीच्या घरात आम्ही दोघंच. मी कामावर गेले की हे काय काय खात असतील, या संशयानं मी स्वयंपाकघरातले डबे हुंगले, त्यांच्या कपाटाचे खण उपसले. काही सापडलं नाही. तरी माझं तोंड थांबतंय कुठे! वय झालं म्हणून चोऱ्या करायची सूट मिळत नाही, असंसुद्धा बोलून गेले. बाबा एवढंच म्हणाले, की गोड म्हणून पोटात जातो तो फक्त तुमच्या कारखान्याचा च्यवनप्राश, आणि तो तर बिनसाखरेचा.

कामावर जाताना धायरीच्या बसमध्ये बाबांचं ते वाक्य पुन्हा आठवलं. त्या च्यवनप्राशाच्या घाण्यावर, म्हणजे एका वेळी कढईत शिजलेल्या सगळ्या मालावर, ‘पास’ म्हणून सही माझी होती.

धायरीतल्या एका छोट्या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. माझ्या सहीशिवाय तिथून बाटली हलत नाही, याचा मला जरा माजच होता. बिनसाखरेच्या मालाची परीक्षा सोपी असते. नमुना आम्लात उकळायचा, निळं द्रावण घालून तापवायचं. आवळ्याची स्वतःची थोडी साखर असते, तिचा हलका गाळ चालतो. दाट विटकरी गाळ बसला की माल नापास. त्या दिवशी आधी राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला. ठीक निघाला. हायसं वाटायला हवं होतं, पण जीव काही थाऱ्यावर येईना.

दुसऱ्या दिवशी घरची बाटलीच पिशवीत घालून नेली. गाळ दाट, लालभडक. माझंच काही चुकलं असेल म्हणून तीनदा परीक्षा केली, तिन्ही वेळा तेच.

एकाच घाण्यातल्या बाटल्यांचे असे दोन निकाल कसे? साखरेचा आणि बिनसाखरेचा च्यवनप्राश एकाच कढईत होतो खरा, पण मध्ये कढई धुतलेली मी स्वतः पाहिली होती. शेवटी कढई सांभाळणाऱ्या काकांना गाठलं. धायरीचेच, शेतकरी घरातले, सगळा जन्म च्यवनप्राश घोटण्यात गेलेला. मी आवाज चढवूनच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “रिकामी कढई चुलीवर चढवत न्हाईत, ताई. धुऊन झाली की आदल्या घाण्यातलं एक ओगराळं तळाला घालायचं, मग नवं. माझ्या बापापासनं हाय हे.”

आदल्या घाण्यातलं म्हणजे साखरेचं. च्यवनप्राश इतका घट्ट, की तळाचं बरंचसं तळालाच चिकटून राहतं. मी नमुना घ्यायचे तो पहिल्या बाटल्यांतून. आणि शेवटच्या, खरवडून भरलेल्या बाटल्या मापाला कमी भरतात म्हणून दुकानात जात नाहीत, त्या आम्ही कामावरची माणसं घरी नेतो. हे मी सांगितलं तसा काकांनी लगेच घरी फोन लावला. तसलीच एक बाटली त्यांच्या बायकोच्या उशाशी होती, तिलाही मधुमेह.

मालकांना सगळं सांगितलं. दुकानांत गेलेल्या पेट्या परत मागवल्या. माझ्या सहीवर मीच काट मारली. नोकरी राहते की जाते ही धाकधूक होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती घरी जायची.

घरी गेल्या गेल्या बाबांना सांगून टाकलं, की साखर तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे वाढली. तुम्हाला चोर म्हणाले, माफ करा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत बसले.

“अगं, डॉक्टरांनी एकच चमचा सांगितला होता,” ते म्हणाले. “तू तपासलेला आहे म्हणून मी तीन घ्यायचो.”