सिस्टरच्या आईसाठी जागा

कुणाच्याही घरी गेल्या की सिस्टर आधी पलंगावरच्या चादरीचं टोक उचलून बघायच्या. मगच बसायच्या. घरची बाई लाजून अर्धी व्हायची. तुमच्याकडे अशी पाहुणी कधी आली नसेल, तर सुखी आहात.

त्या मूळच्या वसईच्या, बहारीनला इस्पितळात नर्स. तिथल्या गुदैबिया भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे.

एका वर्षी वसईला त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि सिस्टरना चार महिने रजा मिळणार नव्हती. शेजारणी आळीपाळीने तिचं करत होत्या, पण किती दिवस? अशा माणसांना कायमचं ठेवून घेणाऱ्या दोन संस्था तिकडे होत्या. मी माहेरी विरारला निघाले होते. सिस्टर म्हणाल्या, दोन्ही बघ आणि एक ठरवून ये.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चौथी शिकलेली, दुकानात मीठ मागतानाही घाबरणारी. आमचे हे हसून म्हणाले, हिला दारात कुणी नाव विचारलं तरी ही पळून येईल.

"पळू दे. बघून पळेल," सिस्टर म्हणाल्या. "बोलणारी माणसं बघत नाहीत."

मग शिकवणी सुरू झाली. सिस्टर आमच्याच पलंगावर लोळागोळा होऊन पडायच्या, मी त्यांना कुशीवर वळवायचं. "हळू गं, मोडशील मला," असं स्वतःच कण्हायच्या. सरकारी सर्टिफिकेट दोन्ही संस्थांकडे असल्याचं त्यांनी पत्राने विचारून घेतलं होतं.

"ते भिंतीवर असतं," त्या म्हणाल्या. "तू म्हाताऱ्यांच्या टाचा बघ. पडून पडून तिथे जखमा होतात. त्या नसल्या की खलास, आई तिथेच."

पहिल्या ठिकाणी फरशी आरशासारखी. मला चहा दिला, बिस्किटं दिली, आत मात्र सोडेनात. दुसऱ्या ठिकाणी भिंतींचा रंग उडालेला. तिथल्या नन कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातानेच आत जा म्हटलं. मी खाटेखाटेपाशी जाऊन पांघरूण उचललं. एका आजींनी चोर, चोर म्हणून मला खाटेपासून पळवलं. पण टाचा सगळ्यांच्या धड, तेल लावलेल्या. कोपऱ्यात एक आया एका आजींना पेज भरवत होती. आजी गिळेपर्यंत चमचा तसाच धरून थांबायची. मी ती जागा ठरवली. शेजारणींनी सिस्टरच्या आईला तिथे नेऊन ठेवलं.

परत आले आणि रोजची धाकधूक लागली. माझं चुकलं तर भोगणार सिस्टरची आई.

चार महिन्यांनी सिस्टर रजेवर गेल्या. एक महिना झाला, दोन झाले, त्या आल्याच नाहीत. मी मनाशी म्हटलं, चुकलंच आपलं.

मग वसईच्या एका माणसाने चिठ्ठी आणून दिली. "माझ्या खोलीतली भांडी तू वापर. आईच्या संस्थेत नर्स हवी होती, मी इथेच राहिले. आई मला म्हणते, तुझ्यापेक्षा इथल्या आयाचा हात हलका."

सोबत फोटो होता. अंगणात खुर्चीवर आई ऊन खात बसली आहे. सिस्टर मागे उभ्या, कॅमेऱ्याकडे न बघता तिची वेणी घालताहेत, दातांत पिन धरून.