मधेच बोलण्याचा सराव

माझ्या वडिलांचं गाव जंगलाला लागून आहे. तिथल्या बैठकीत एकाचं बोलणं संपलं की दुसरा लगेच सुरू करत नाही. थोडा वेळ सगळे गप्प बसतात. बोलणाऱ्याच्या मनात काही उरलं असेल तर ते येऊ द्यायचं. मी गोंडपिपरीला मास्तर झालो, पक्कं घर बांधलं, पण ही सवय सोडली नाही. मुलीलाही तीच लावली. कोणाचं बोलणं तोडू नये, हे तिला मी अक्षरओळखीच्या आधी शिकवलं असेल.

एमबीएच्या प्रवेशात ती पहिल्या वर्षी हुकली ती त्यामुळेच. लेखी परीक्षेत गुण चांगले होते. पुढे गटचर्चा असते. उमेदवारांना गोल बसवून एक विषय देतात आणि कोण कसं बोलतं ते पाहतात. तिथे तिने तोंड उघडलं नाही. बसस्टँडवर तिची बॅग हातात घेताना मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, मी थांबली होती. माझी पाळी आलीच नाई."

मला रागवताही येईना. थांबायला मीच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची ठरली. बायको सिरोंच्याकडच्या उपकेंद्रात नर्स आहे, रविवारपुरती येते. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांत कसली गटचर्चा? मग शेजारच्या भाऊंना सपत्नीक बोलावलं. भाऊ माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. जन्मभर यंत्रांच्या वर ओरडून बोललेला माणूस, त्यांना दुसऱ्याचं ऐकणं जमतच नाही. मला असाच माणूस हवा होता.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही बसायचो. मी विषय द्यायचो. लहान गावात मोठे मॉल यावेत का?

"येऊ दे ना बापा!" भाऊ सुरू व्हायचे. "इथी बनियान घ्याले गेलो, तर दुकानदार म्हणते, घाला, घालून घालून सैल होते!"

"तुमच्या मापाची मॉलात तरी भेटन काय?" त्यांची बायको म्हणायची. "पोट पाहा आधी."

मुलगी हसत बसायची.

"हसू नको, घूस मधे," मी म्हणायचो.

"भाऊंचं होऊ द्या ना, बाबा."

"त्यांचं या जन्मात होत नाही!"

शेवटी मी म्हटलं, मी बोलतो, तू मला तोड. तिला ते जमेना. मी बोलत राहायचो, ती माझ्याकडे बघत ऐकत राहायची, लहानपणी ऐकायची तशी. एकदा माझा तोल गेला. "अशीच बसली तर जन्मभर इथीच बसशील," मी ओरडलो. तिने मान खाली घातली. भाऊसुद्धा त्या दिवशी गप्प झाले.

त्यानंतर काही दिवसांनी, विषय शिक्षणाचा होता, बोलता बोलता मी भलतीकडेच गेलो. मी शिकायला नागपूरला निघालो तेव्हा वडील रस्त्यापर्यंत सोडायला आले होते. बस दिसली तसे ते काहीतरी बोलायला लागले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी एवढ्यापर्यंत आलो आणि मुलगी म्हणाली, "पण बाबा, तुमचा मुद्दा काय आहे?"

"जमलं! पोरीले जमलं!" भाऊंनी टाळी वाजवली. मीही वाजवली.

वडील काय बोलले, ते राहूनच गेलं. तिने नंतर विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला, दूरच्या शहरात. मी गल्लीत पेढे वाटले. ती गेल्यावर ओसरीवरच्या खुर्च्या मी आत नेऊन ठेवल्या, एक तेवढी बाहेर राहू दिली.

आता फोनवर मी बोलता बोलता थांबलो की ती म्हणते, "हं, अजून काय बाबा?" आणि फोन आटोपतो. म्हणून मी आधी मनात मुद्दे लावतो. रिकाम्या घरात मोठ्याने बोलून पाहतो. मधे जागा राहू द्यायची नाही, हे मीही आता शिकलो आहे.

मागच्या आठवड्यात तिने आपणहून फोन केला. "बाबा..." म्हणाली आणि थांबली. फोन आता संपणार, या भीतीने मी घाईने म्हणालो, "बोल ना, मुद्दा काय आहे?"

"काही नाही. सहजच केला होता," ती म्हणाली.

रविवारी बायको आली. भाजी निवडताना तिला हे सांगितलं. तिचा हात थांबला.

"ते थांबली, अन् तुम्ही नाई थांबले?"

तिने पदराला हात पुसले, फोन लावला आणि स्पीकरवर टाकून आमच्या मधे ठेवला.

"जेवली काय?"

"हो."

बायको पुढे काही बोलली नाही. माझ्या ओठांवर तिथल्या हवेचं, अभ्यासाचं, सगळं आलं होतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पलीकडे होस्टेलचा पंखा ऐकू येत होता. मग मुलीचा आवाज आला, अगदी लहान.

"आई, मले इथी नाई जमून राह्यलं. कोणीच बोलू देत नाई."

आम्ही दोघंही गप्प राहिलो. तिचं अजून संपलं नव्हतं.