ड्रममधलं इंजिन

फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या बाजारात कलिंगड निवडत होतो. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले." कलिंगड हातात तसंच धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे... शेवटी विकणाऱ्यानेच ते हळूच काढून घेतलं. माझ्या दोस्ताला, त्यांच्या बबनला, दवाखान्यात नेलंय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

बबन मूळचा कुडपणचा. डोंगरात गुरांमागे वाढलेला हा गडी तरुणपणी मुंबईला गेला आणि बंदरात चक्क लाँचवर लागला. परतला तो महाडला, नदीकाठच्या गल्लीत. मोठ्या पुरात आम्ही दोघं त्याच्या माडीवर अडकलो होतो. पाणी जिना चढत होतं आणि हा शांतपणे म्हणाला, "एक होडी पायजे होती रे." पुढच्या उन्हाळ्यात त्याने कुठूनशी जुनी होडी आणली, मागे लावायच्या इंजिनासकट. तेव्हापासून दरवर्षी मृगाआधी आमचा एक ठरलेला दिवस असे. इंजिन लाकडी घोडीवर चढवायचं, त्याचा पंख्याकडचा पाय पाण्याने भरलेल्या निळ्या ड्रममध्ये सोडायचा आणि मी दोरी ओढायची. पहिल्या ओढीला ते कधीच सुरू झालं नाही. मी वैतागायचो. तो म्हणायचा, "शिव्या देऊन पेटत नाय ते. आधी पेट्रोल बघायचं, मग ठिणगी. उरलं ते नशीब." सकाळचं काम जेवणापर्यंत लांबायचं. बायको गेल्यापासून मला घरी परतायची घाई नसायची, आणि हे तो ओळखून होता. कधी कधी वाटतं, मुद्दामच लांबवायचा लबाड.

यंदा मी एकटा गेलो. गल्लीत कुजबुज होतीच, की आता हे धूड भंगारात द्यावं, चालवणारा कोण आहे? इंजिन सुरू झालं नसतं तर होडी गेली असती, आणि तिच्याबरोबर त्या अंगणात पाय ठेवायचं माझं निमित्तही. दुसरं निमित्त माझ्याकडे नव्हतं, खरं सांगतो. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, नवं भरलं, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा टणक होईपर्यंत दाबला. दोरी ओढली. काही नाही. प्लग काढून घासला, इंजिनाच्या अंगाला टेकवून पुन्हा ओढली, तर ठिणगीच नाही. नवा प्लग लावला, तरी तेच. खांदा भरून आला. "आता काय रे?" असं मी मोठ्याने विचारलं आणि उत्तराची वाट पाहत राहिलो...

मग लाल बटणाखालची मोकळी जागा दिसली. तिथे एक चिमटा बसतो. त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असते. माणूस पाण्यात पडला तर चिमटा निसटतो आणि इंजिन बंद पडतं. चिमटा नसेल तर ठिणगीही पडत नाही. तो लावायचं काम कायम बबनचं, दोरी बाराही महिने त्याच्याच मनगटाला, म्हणून माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

दारात जाऊन मी वहिनींना त्या चिमट्याच्या दोरीचं विचारलं. त्या बाहेर आल्या. बांगड्या उतरवलेल्या मनगटाला ती लाल दोरी बांधलेली होती. दवाखान्यातून त्याच्या घड्याळाबरोबर मिळालेली.

"दुसरी मिळते बाजारात," मी म्हणालो. "राहू द्या ती."

"काढून नाय देणार," त्या म्हणाल्या. "पण हितूनच लावा."

त्या ड्रमजवळ आल्या. मी चिमटा बसवला आणि इंजिनाची दोरी ओढली. एकदा खोकून इंजिन सुरू झालं. ड्रममधलं पाणी उसळून आमच्या पायांवर आलं, धूर ओटीपर्यंत गेला. बबन असता तर म्हणाला असता, चला, जेवायला वाढा. थोड्या वेळाने पाणी कोमट झालं, तसं मी म्हटलं, "झालं, वहिनी. हात मागे घ्या, म्हणजे बंद होईल."

त्यांनी हात मागे घेतला नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही.