रिकामा ठेवलेला कंस

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. परळच्या आमच्या ऑफिसात एका बाईच्या नावावर जी चूक गेली, ती माझी होती.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी जावामध्ये प्रोग्राम लिहायचो. हॉस्पिटलच्या काउंटरवर रक्तगट टाकला की सगळ्या पेढ्यांना एकदमच मागणी जायची. एकेकीपाशी खोळंबायचं नाही. उत्तरं येतील तशी गोळा होणार, सगळी आली की पडद्यावर यादी. एखादी मागणी फसली तर काय करायचं, हे लिहायची जागा वेगळी असते. तिथे मी नुसता कंस उघडला आणि मिटला. आत काही नाही, म्हणजे मागणी फसली तरी कोणाला कळणार नाही. जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं, तेही घातलं नाही. आल्यावर बघू, म्हटलं. गणपतीला गावी निघायचं होतं. लालबागला बॅगा भरून तयार होत्या आणि आमच्या घरात ती रजा कोणी पुढे ढकलत नाही.

चाचणी करणारी सहकारी गिरगावची, माझ्याहून थोडी मोठी. निघताना तिने हटकलं.

"अरे, एक पेढी बंद ठेवून बघितली. पडद्यावर चक्र नुसतं फिरतंय. उत्तर नाही तर नाही, एरर तरी यायला नको?"

"नेटवर्क असेल गं. पास कर ना, गाडी आहे माझी."

"जा बाबा, गणपती खोळंबलाय तुझा. पण आल्यावर बघ हं!"

तिने पास केलं. प्रोग्राम चालू झाला.

परतलो त्या सकाळी ऑफिसात कोणी मोदक मागितले नाहीत. आदल्या दिवशी एका काउंटरवर चक्र फिरतच राहिलं होतं. शोध चालू आहे असं समजून तिथल्या माणसाने कुठे फोन केलाच नाही. ऑपरेशनला रक्त पोचायला दीड तास उशीर झाला. मी बंद न पडलेल्या प्रोग्रामची आतली स्थिती काढली. कोणतं काम कुठे अडकलंय, ते त्यात दिसतं. एकाखाली एक, सगळी एकाच ओळीवर थांबलेली. ओळ माझी. पेशंट वाचला का, हे न विचारताच मी मीटिंगला गेलो.

वाचला होता. मीटिंगमध्ये साहेबांनीच सांगितलं, आणि पुढे विचारलं, "टेस्टिंगमधून हे सुटलं कसं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली.

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली.

दुपारी मी तो कंस भरला, थांबण्याला मर्यादा घातली आणि नोंदीत लिहिलं: किरकोळ दुरुस्ती. त्यानंतर रोज धास्ती, आज ती बोलेल. महिन्याभरात तिने नोकरी सोडली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

परवा चर्नी रोडच्या पुलावर ती समोरून आली. मी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलो, आणि ती पुढे जाईपर्यंत वाकूनच राहिलो.

साहेबांना, चूक माझी होती असं माझ्या सहीचं पत्र द्यायचं आहे, आणि त्याची प्रत तिच्या हातात. दोन्ही अजून दिलेली नाहीत.